ट्यूबलेस टायरची हवा पुन्हा पुन्हा जातेय? वाळवंटी ट्रेलसाठी तपासणीचा क्रम

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात, फीनिक्स शहराच्या दक्षिणेला साउथ माउंटनचं संरक्षित रान आहे, १६ हजार एकरांहून मोठं. डोंगराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाणारा नॅशनल ट्रेल म्हणजे या भागातल्या सगळ्यात खडतर सायकलवाटांपैकी एक. पूर्वेकडे ग्रॅनाइट, पश्चिमेकडे नाइस नावाचा पट्टेदार खडक, उतारांवर चाकाखालून निसटणारा मुरूम, आणि वाट अरुंद होते तिथे दोन्ही अंगांनी चोया निवडुंग. टायरचे जेवढे म्हणून शत्रू असतात ते इथे एकाच फेरीत भेटतात. आमच्या गटातली चाकं दुरुस्तीला बहुधा माझ्याकडे येतात आणि तक्रार जवळपास एकच असते: ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेलं) करून घेतलं, भोकं बुजवणारं सीलंट टाकलं, तरी हवा जातेच.

हे काम सतत करून माझं एक मत पक्कं झालंय. वाळवंटात भोकं पडणारच, त्याला इलाज नाही. ती बुजवणारं सीलंट आत वाळून गेलेलं असतं, हा खरा आजार. लोक मात्र भोक शोधत बसतात, नाहीतर थेट नवा टायर आणतात. म्हणून खालचा क्रम सोडू नका. तो फुकटच्या तपासणीपासून सुरू होतो आणि खर्चिक कामाकडे जातो. निम्म्याहून जास्त चाकं तिसऱ्या पायरीपर्यंतच बरी होतात.

आधी लक्षणं बघा

- रात्री गॅरेजमध्ये हवा भरली, पहाटे ट्रेलवर दोन-तीन पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) कमी. नंतर ऊन चढलं की पुन्हा वाढलेली.
- दोन-तीन दिवसांत टायर पूर्ण बसतो, पण बाहेर कुठेही ओल नाही, काटा नाही.
- पंपाचा दांडा एकदम जड लागतो, गेजचा काटा झटकन वर जातो, टायर मात्र मऊच.
- साइडवॉलवर (टायरच्या बाजूच्या भिंतीवर) बारीक पांढरे ओले ठिपके.
- खडकाच्या पायरीवरून उतरताना ‘फुस्स’ असा एकच आवाज आणि रिमच्या कडेला सीलंटचा शिंतोडा.
- स्पोकच्या मुळाशी किंवा रिमच्या जोडावर ओल.
- वाटेत ट्यूब टाकली, तीही थोड्याच वेळात बसली.

यातलं तुमचं लक्षण कोणतं, ते कागदावर लिहून ठेवा. दोन लक्षणं एकत्र असली तर वरचं आधी धरा.

१. गेज आणि तापमान (खर्च शून्य)

पहिली तपासणी अशी की हवा खरंच जातेय का. समजा २४ अंश सेल्सिअसला तुम्ही २२ पीएसआय भरले. हिवाळ्यातल्या पहाटे, वाळवंटात पारा ५ अंशांवर असताना तोच टायर साधारण १९.७ दाखवेल. उलट उन्हात टायर ५० अंशांपर्यंत तापला तर २५ च्या वर जाईल. एक थेंबही गळलेला नसतो. हवा थंड झाली की दाब उतरतो, एवढंच.

उंचीचाही परिणाम असतो. युटामधल्या मोॲबला होल एंचिलाडा नावाचा प्रसिद्ध ट्रेल आहे. तो ११ हजार फुटांच्या वर सुरू होतो आणि कोलोरॅडो नदीच्या काठी, सुमारे ४ हजार फुटांवर संपतो. खाली येताना बाहेरच्या हवेचा दाब जवळपास ३ पीएसआयने वाढतो, त्यामुळे गेजवरचा आकडा तेवढाच उतरतो. वर माथ्यावर जेमतेम हवा भरून निघालेला माणूस खालच्या खडकाळ टप्प्यात मऊ टायर घेऊन पोचतो आणि पंक्चर झालं असं समजतो.

म्हणून गेज नेहमी एकच वापरा, आणि शक्यतो एकाच तापमानाला मोजा. रात्री घरात, सकाळी घरात, चाक जागचं न हलवता. दोन आकडे एक पीएसआयच्या आत असतील तर टायर ठीक आहे, पुढे काही करू नका.

आणखी एक: आदल्या दिवशी वाटेत सीओटूच्या (कार्बन डायऑक्साइडच्या) नळकांडीने हवा भरली होती का? सीओटू रबरातून हवेपेक्षा पुष्कळ लवकर बाहेर जातो. दुसऱ्या दिवशी टायर मऊ सापडला तर ती गळती समजू नका. सगळा वायू काढून टाका, साध्या पंपाने भरा आणि मग मोजा.

२. व्हॉल्व्ह (खर्च जवळपास शून्य)

प्रेस्टा व्हॉल्व्हच्या आत एक कोअर असतो, आट्यांनी बसवलेला. पंपाची नळी फिरवून काढताना तो हळूहळू सैल होतो. छोट्या पान्याने तो घट्ट करा आणि टोकावर साबणाच्या पाण्याचा थेंब सोडा. बुडबुडा फुगला तर कोअर बदला. किंमत किरकोळ असते, दोन-तीन जादा ठेवाव्यात.

पंप जड लागत असेल तर भानगड उलटी आहे. कोअरमध्ये सीलंट सुकून बसलंय, हवा आतच जात नाहीये, आणि गेज फक्त नळीतला दाब दाखवतोय. कोअर बाहेर काढा, चिकटलेलं रबर टाचणीने सोलून काढा, नाहीतर सरळ नवा लावा. हवा भरताना व्हॉल्व्ह खाली ठेवू नका, घड्याळात तीन किंवा नऊ वाजता काटा असतो त्या जागी ठेवा. खाली असला की सीलंटचं तळं नेमकं त्याच्या तोंडाशी येतं.

व्हॉल्व्हच्या बुडाशी जी नट असते ती बोटाने आवळा, पक्कड लावू नका. पकडीने आवळलेली नट डोंगरावर बोटाने सुटत नाही, आणि ट्यूब टाकायची वेळ आली तर व्हॉल्व्ह काढताच येत नाही. आमच्याकडे येणाऱ्या चाकांत हा प्रकार फार दिसतो.

३. सीलंट ओलं आहे का (इथे घाई करू नका)

सीलंट म्हणजे मुख्यतः पाण्यासारख्या द्रवात तरंगणारे लॅटेक्सचे बारीक कण. भोकातून हवा जोरात सुटते तेव्हा हे कण तिथे एकत्र येऊन गुठळी धरतात आणि भोक बुजतं. द्रव उडून गेला की कण टायरच्या आतल्या भिंतीला चिकटून बसतात. मग भोक बुजवायला काहीच उरत नाही.

ॲरिझोनात हा द्रव किती लवकर उडतो याचा अंदाज बाहेरून आलेल्याला येत नाही. जूनमधल्या दुपारी हवेतली आर्द्रता कित्येकदा १० टक्क्यांच्या आसपास असते. २०२३ च्या उन्हाळ्यात फीनिक्सला सलग ३१ दिवस पारा ११० फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ४३ सेल्सिअस, किंवा त्याच्या वर गेला होता. त्यात सायकल बंद गॅरेजमध्ये किंवा गाडीच्या डिकीत ठेवलेली. बाटलीवर काही महिन्यांची मुदत लिहिलेली असली तरी इथल्या उन्हाळ्यात महिना-दीड महिन्यात चाक कोरडं सापडतं. सह्याद्रीत पावसाळ्यात चालवणाऱ्यांना हे खरं वाटणार नाही, पण एप्रिल-मेमध्ये विदर्भात सायकल चालवणाऱ्यांना नक्की पटेल.

तपासायची रीत सोपी आहे. सायकल टांगून किंवा उलटी ठेवून चाकावरचं वजन काढा. व्हॉल्व्ह वर ठेवून हवा सोडा, कोअर काढा, मग चाक सावकाश फिरवून व्हॉल्व्ह अगदी खाली आणा आणि सीलंट तळाशी जमायला मिनिटभर द्या. आता व्हॉल्व्हमधून एक पातळ केबल टाय टायरला टेकेपर्यंत आत सरकवा आणि बाहेर काढून बघा. टोकाला काही मिलिमीटर पांढरं ओलं लागलं तर सीलंट जिवंत आहे. टोक कोरडं निघालं किंवा रबराचा तंतू चिकटून आला तर संपलं. टायरमध्ये फोमचं इन्सर्ट असेल तर ही युक्ती चालत नाही, तेव्हा टायरची एक बाजू रिमवरून उतरवूनच बघावं लागतं.

एका बाजूने टायर उघडलात तर वाळलेलं सीलंट जवळून बघा. आतल्या भिंतीवर सायीसारखा पापुद्रा धरलेला असतो आणि त्यातून ठिकठिकाणी काट्यांची टोकं वर आलेली दिसतात. पापुद्रा जाड असेल तर बोटाने सोलून काढा. बेडकीसारखा फुगलेला एखादा गोळा मोकळा फिरत असेल तर तोही काढा. चाक फिरवताना टपटप आवाज येतो तो त्याचाच.

२९ बाय २.४ इंचाच्या टायरला १०० ते १२० मिलिलिटर सीलंट लागतं. दुकानात बऱ्याचदा ६० च्या आसपास टाकलेलं असतं, ते दमट हवेत भागतं, इथे नाही. बाटली भरपूर हलवा, कारण कण तळाशी बसलेले असतात. न हलवता ओतलं तर टायरमध्ये नुसतं पाणी जातं आणि कामाचा माल बाटलीत राहतो. मे ते सप्टेंबर मी दर महिन्याला केबल टाय घालून बघतो, एरवी दीड-दोन महिन्यांनी.

साइडवॉलवर पांढरे ठिपके असतील तर सीलंट घातल्यावर चाक बादलीवर आडवं ठेवा, अर्ध्या तासाने उलटं करा. नव्या टायरला हे एकदा करावंच लागतं. टायर जुना असून ठिपके थांबत नसतील तर त्याची साइडवॉल झिजली आहे.

४. काटे

सीलंट ओलं आहे आणि तरी हवा जातेय, असं असेल तरच काट्यांकडे वळा.

पार्किंगच्या कडेला आणि रस्त्यालगतच्या उकरलेल्या जमिनीवर सराटे असतात. आपल्याकडे शेताच्या बांधावर मिळतात तेच, इथेही पसरलेत. कोरड्या ओढ्यांत मेस्कीटची झाडं, म्हणजे आपल्या वेड्या बाभळीच्या कुळातली. तिचा काटा लांब आणि टणक, ट्रेडमधून (टायरच्या जमिनीला टेकणाऱ्या भागातून) थेट आत जातो. चोयाचं वेगळं असतं. त्याचं कांडं नुसत्या धक्क्याने तुटून टायरला चिकटतं आणि काट्यांना उलटी कुसळं असतात, म्हणून ते बोटाने काढायला जाऊ नका. कंगवा घाला आणि झटक्याने उडवा. इथले अनुभवी लोक खिशात कंगवा बाळगतात तो त्यासाठीच.

ट्रेडमधला काटा काढायचा तर आधी सीलंट ओलं असल्याची खात्री हवी. काढल्याबरोबर भोकाची बाजू खाली करा आणि चाक थोडं हलवत राहा. सीलंट वाळलेलं असेल आणि तुम्ही डोंगरावर असाल, तर काटा आहे तिथेच राहू द्या. तोच या क्षणी बूच आहे.

भोक मोठं असेल, म्हणजे खडकाने ट्रेड कापला असेल, तर सीलंट एकट्याने पुरत नाही. चिकट दोरीसारखा प्लग सुईने आत ढकला, थोडं टोक बाहेर ठेवा, सुई झटकन ओढून घ्या आणि हवा भरा. ट्रेडमधला प्लग टायर झिजेपर्यंत टिकू शकतो. साइडवॉलमधला प्लग फक्त घरी पोचण्यापुरता.

आता ट्यूबबद्दल, कारण वारंवार होणाऱ्या पंक्चरचं हे फार मोठं कारण आहे आणि याकडे कुणी बघत नाही. ट्यूबलेस टायरमध्ये महिनोन्‌महिने साठलेले काटे असतात. सीलंटने प्रत्येकाभोवती बूच धरलेलं असतं, म्हणून त्रास जाणवत नाही. तुम्ही त्यात ट्यूब घालता तेव्हा ती सगळी टोकं तिला टोचतात. दुसरी ट्यूब घातली तरी तेच. म्हणून ट्यूब टाकण्याआधी टायर आतून पुसून काढायलाच हवा. बोट फिरवू नका, रुमाल किंवा मोजा फिरवा. जिथे धागा अडकेल तिथे काटा. चिमटा असेल तर चिमट्याने, नाहीतर आतून दगडाने बाहेर ढकलून काढा. पूर्ण गोल दोनदा फिरवा, दिशा बदलून. यात वेळ जातो, पण सावलीत बसून करा.

साइडवॉल फाटली असेल तर ट्यूब त्या फटीतून बाहेर फुगते. आतून आधार लागतो. डॉलरची नोट घडी करून लावली तरी चालते, ती कापूस आणि लिननची असते, साध्या कागदासारखी फाटत नाही. जुन्या टायरचा हातभर नको, चार बोटं तुकडा त्याहून चांगला.

५. साबणाचं पाणी

इथपर्यंत काही सापडलं नाही तर फवाऱ्याच्या बाटलीत पाणी घ्या, भांडी घासायचा साबण चमचाभर घाला, टायर ३० पीएसआयपर्यंत भरा आणि सगळीकडे मारा. टायरवर छापलेली कमाल मर्यादा मात्र ओलांडायची नाही.

बुडबुडे बघताना एक गोष्ट समजून घ्या. रिम आतून पोकळ असते. तिच्या आतल्या बाजूला स्पोकची भोकं झाकणारी टेप असते. त्या टेपला एका ठिकाणी चीर पडली की हवा त्या पोकळीत शिरते आणि जिथे वाट मिळेल तिथून बाहेर येते: स्पोकच्या मुळातून, रिमच्या जोडातून, व्हॉल्व्हच्या भोकातून. म्हणून स्पोकपाशी बुडबुडे आले तर स्पोकला गोंद लावून उपयोग नाही. दोष टेपमध्ये आहे, आणि तो बुडबुड्यांच्या समोरच असेल असंही नाही. व्हॉल्व्हच्या नटपाशी बुडबुडे आले तर आधी व्हॉल्व्हचं रबरी बूड तपासा, ते रिमच्या आकाराला बसतंय का बघा. तेवढ्याने थांबलं नाही तर टेप.

टायर आणि रिमच्या सांध्यातून, एकाच जागी बुडबुडे आले तर पुढचा भाग वाचा.

६. रिमची कड आणि ‘फुस्स’

नॅशनल ट्रेलवरच्या खडकाच्या पायऱ्यांवर मागचं चाक आपटतं तेव्हा टायर आडवा दबतो, त्याची कड क्षणभर रिमवरून सुटते आणि हवेचा घोट बाहेर पडतो. हे टायरचं दुखणं नाही, दाब कमी असल्याचं आहे. दोन पीएसआय वाढवून बघा. माझं मत विचाराल तर इथे मागच्या चाकात २५ च्या खाली जाऊच नये. मऊ टायरची पकड छान असते, पण ती मातीच्या वाटांवर.

दाब वाढवूनही तेच होत असेल तर त्या जागी रिमच्या कडेवरून बोट फिरवा. ॲल्युमिनियमची कड आत किंवा बाहेर वळलेली लागेल. पोच बारीक असेल आणि हवा टिकत असेल तर हात लावू नका. पकडीने सरळ करायला गेलं की धातूला चीर जाते.

७. रिम टेप (अर्धा दिवस)

हे काम शेवटी. टायर पूर्ण काढा, जुनी टेप सोलून काढा, रिम आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. चिकटपणा थोडाही राहिला तर नवी टेप तिथून उठेल. टेप रिमच्या आतल्या रुंदीपेक्षा दोन-तीन मिलिमीटर रुंद घ्या. ओढून ताण देत लावा, दोन टोकं १०-१५ सेंटिमीटर एकमेकांवर येऊ द्या. व्हॉल्व्हचं भोक टोकदार वस्तूने पाडा, सुरीने कापलं की चीर पुढे पळते. मग ट्यूब घालून टायर चढवा, हवा भरा आणि रात्रभर ठेवा. टेप सगळीकडे दाबून बसते. सकाळी एकच बाजू उघडून ट्यूब काढा आणि ट्यूबलेसचा व्हॉल्व्ह बसवा. सुरीने कापलं की चीर पुढे पळते.

उन्हात तापलेल्या गॅरेजमध्ये हे काम करू नका. टेपचा गोंद मऊ पडून ती सरकते.

कुठे थांबायचं

ट्रेलवर: दोन प्लग लावून हवा टिकली नाही, किंवा एकच ट्यूब होती आणि ती बसली, तर दुरुस्ती तिथेच थांबवा आणि सायकल हातात धरून उताराला लागा. पाणी निम्मं संपलं असेल तर त्याआधीच. ऊन चढल्यावर डोंगरावर टायरशी झटत बसणं हा टायरपेक्षा मोठा धोका आहे. चक्कर, मळमळ, घाम थांबणं किंवा बोलण्यात गोंधळ, यातलं काहीही सोबत्याला झालं तर ९११ या तातडीच्या मदतीच्या नंबरला फोन करा. डोंगरावरून माणसं उतरवायला फीनिक्सचं अग्निशमन दल येतं. जवळच्या फाट्याचं नाव आणि फोनमधलं लोकेशन तयार ठेवा.

घरी: रिमला चीर दिसली, कार्बनच्या रिमवर आपटल्याचा डाग किंवा सुटलेले धागे दिसले, स्पोकच्या भोकाभोवती धातू उठलाय, साइडवॉलमधून आतले धागे बाहेर आलेत, किंवा कमाल दाबापर्यंत भरूनही टायर रिमवर बसत नाही, तर पुढे काही करू नका. जास्त दाब देऊन टायर बसवायचा प्रयत्न तर मुळीच नको, तो उडाला तर डोळ्याला आणि कानाला इजा होते. नवी टेप लावूनही स्पोकमधून हवा येत असेल तर तेही तुमच्या हातचं राहिलं नाही.

अशा वेळी चाक सायकलच्या दुकानात न्या, पण टायर काढून, पुसून नेऊ नका. आहे तसंच, सीलंटसकट न्या. बुडबुडे आले त्या जागांवर खडूने खुणा करा, आणि लक्षणांचा तो कागद आणि काय काय बदललंत त्याची यादी सोबत द्या, म्हणजे मेकॅनिक पहिल्या पायरीपासून पुन्हा सुरुवात करणार नाही.